एकोणीस ते तेवीस : अर्न्स्ट युंगरची खंदकातली वर्षे

पहिले महायुद्ध संपत आले होते. हॅनोव्हरच्या इस्पितळात पडल्या पडल्या एका जर्मन लेफ्टनंटने आपल्या जखमांची मोजदाद केली. खरचटणे, ओरखडे धरले नाहीत, तरी अंगावर १४ घाव निघाले. रायफलीच्या ५ गोळ्या, तोफगोळ्यांच्या २ कपच्या, श्रॅपनेलची १ गोळी, हातबॉम्बचे ४ तुकडे आणि गोळ्यांच्या ठिकऱ्यांचे २. काही गोळ्या आरपार गेल्या होत्या. त्यांच्या आत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या खुणा वेगळ्या धरल्या तर वण भरत होते २०. हा हिशेब मांडणाऱ्या अर्न्स्ट युंगरचे वय तेव्हा होते २३. त्यानंतर तो जवळपास ८० वर्षे जगला आणि १७ फेब्रुवारी १९९८ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी वारला.

एवढे घाव सोसून माणूस शंभरी ओलांडतो ही गोष्ट अचंबित करणारी आहेच. पण मला त्याहून मोठे नवल वाटते ते त्याच्या वह्यांचे. आघाडीवर पाऊल टाकल्यापासून हा मुलगा खिशात वही बाळगून होता. चिखलात, तळघरात, इस्पितळात, हल्ल्याच्या आदल्या रात्री, जसे जमेल तसे तो लिहीत राहिला. तोफगोळा कसा शिट्टी घालत येतो, गाडलेल्या माणसाचा हात मातीतून कसा वर येतो, हिवाळ्यात खंदकाची भिंत कशी ढासळते, हे त्याने जितक्या बारकाईने टिपले तितक्या बारकाईने फार थोड्यांनी टिपले आहे. ही बारीक नजर त्याला युद्धाने दिली नव्हती. ती त्याने लहानपणीच कमावली होती, किडे गोळा करताना.

युंगरचा जन्म २९ मार्च १८९५ चा, हायडेलबर्गचा. वडील रसायनशास्त्र शिकलेले, औषधांच्या धंद्यात स्थिरावलेले. त्यांनीच मुलांना भुंगेऱ्यांच्या शोधात रानावनात हिंडायची गोडी लावली. अर्न्स्टचे शाळेत मन रमत नसे. आफ्रिकेच्या ओढीने १९१३ च्या नोव्हेंबरात तो घरातून पळाला, सीमा ओलांडून फ्रान्सच्या फॉरेन लीजनमध्ये भरती झाला आणि अल्जीरियात जाऊन पोचला. वडिलांनी सरकारदरबारी खटपट करून त्याला सोडवून आणले. पुढच्याच ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. शाळांनी घाईघाईने शेवटच्या परीक्षा उरकून घेतल्या आणि हा मुलगा हॅनोव्हरच्या ७३ व्या फ्युजिलियर रेजिमेंटमध्ये स्वेच्छेने दाखल झाला. या रेजिमेंटच्या सैनिकांच्या बाहीवर ‘जिब्राल्टर’ असे विणलेली पट्टी असे. अठराव्या शतकात हॅनोव्हरच्या पलटणींनी इंग्रजांच्या खांद्याला खांदा लावून जिब्राल्टरचा किल्ला राखला होता, त्याची ती आठवण. आता तीच पट्टी बांधून ही पोरे इंग्रजांवरच गोळ्या झाडणार होती.

डिसेंबर १९१४ च्या अखेरीस त्याची तुकडी शॅम्पेन भागातल्या ओरेनव्हिल गावी पोचली. युद्ध म्हणजे पराक्रमाचा सोहळा, अशा समजुतीत ही मुले आली होती. पोचल्यानंतर थोड्याच वेळात गावातल्या मोठ्या वाड्याच्या दारात तोफगोळे पडले आणि रक्ताने माखलेली माणसे आत आणली जाऊ लागली. शत्रू कुठेच दिसला नव्हता. कुणी बंदूकही रोखली नव्हती. दूरच्या कुण्या तोफेने, न पाहिलेल्या माणसांना, सकाळच्या वेळी मारून टाकले होते. पुढे या वह्यांवरून युंगरने जे पुस्तक लिहिले त्याची सुरुवात याच प्रसंगाने होते, आणि ती योग्य जागी होते असे मला वाटते. कारण पुढच्या चार वर्षांचे स्वरूप त्या सकाळीच ठरून गेले होते.

तोवर पश्चिम आघाडी गोठली होती. बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर दोन्ही सैन्ये जमिनीत शिरून बसली होती. मशीनगनपुढे उघड्यावर उभे राहणे अशक्य झाले होते आणि तोफांपुढे जमिनीवर कुठलेच बांधकाम टिकत नव्हते. खंदक सरळ रेषेत कधी खणत नसत. दर काही पावलांवर त्याला काटकोनी वळण देत. म्हणजे एका कप्प्यात गोळा फुटला तर त्याच्या कपच्या शेजारच्या कप्प्यात जात नाहीत आणि शत्रू आत घुसला तर त्याला लांबवर गोळीबार करता येत नाही. समोरच्या भिंतीला पायरी ठेवलेली असे. पहारेकरी तिच्यावर उभा राहून बाहेर पाही. पुढे काटेरी तारांचे जाळे, त्यापलीकडे कुणाचीच नसलेली पट्टी, आणि मग शत्रूच्या तारा. मागे दुसरी, तिसरी रांग आणि त्यांना जोडणारे नागमोडी खंदक, ज्यांतून रात्री अन्न, पाणी, दारूगोळा पुढे येई आणि जखमी मागे जात. आर्त्वा, सोम या भागांतल्या चुनखडीच्या जमिनीत जर्मनांनी कित्येक मीटर खोल तळघरे खणली होती. प्रत्येकाला दोन तोंडे. एक तोंड गोळ्याने बुजले तर दुसऱ्यातून बाहेर पडायचे.

एप्रिल १९१५ मध्ये ले एपार्ज इथे युंगर पहिल्यांदा मोठ्या लढाईत सापडला आणि मांडीत तोफगोळ्याची कपची घुसून जखमी झाला. उपचारासाठी त्याला नेले ते नेमके हायडेलबर्गला, जन्मगावी. वडिलांनी सुचवले, अधिकारी होण्यासाठी अर्ज कर. त्याने तो केला, बर्लिनजवळच्या ड्योबेरिट्झला प्रशिक्षण घेतले, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये तो लेफ्टनंट झाला. वय २०.

वीस वर्षांच्या मुलाच्या हाती प्लाटून देणे आज आपल्याला धाडसाचे वाटते. त्या युद्धात ती रोजची बाब होती. अधिकारी व्हायला शिक्षण लागे आणि शिकलेली मुले शाळा-कॉलेजांतून नुकतीच बाहेर पडलेली. त्यात हल्ल्याच्या वेळी सर्वांत पुढे असायचे ते प्लाटूनच्या लेफ्टनंटनेच. त्यामुळे ही फळी सतत मोडत होती आणि सतत नव्या पोरांनी भरावी लागत होती. इंग्रजांकडेही हेच. ब्रिटिश सैन्यात साध्या सैनिकांपैकी सुमारे १२ टक्के मेले, अधिकाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचा मुलगा जॉन याला अधू दृष्टीमुळे सैन्याने नाकारले होते. बापाने ओळखी वापरून त्याला आयरिश गार्ड्समध्ये अधिकारी केले. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत तो नाहीसा झाला, तेव्हा त्याला अठरावे वर्ष पुरे होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते.

युंगरला पहिली सलग जबाबदारी मिळाली ती आरासच्या दक्षिणेला, मोंशी या गावासमोर. विश्रांतीसाठी मागे दूशी गाव. इथे त्याने जे पाहिले त्यात मोठी लढाई जवळजवळ नाही, आणि माझ्या मते त्याच्या लेखनातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. खंदकयुद्ध म्हणजे अखंड हल्ले, ही आपली चित्रपटांनी करून दिलेली समजूत. प्रत्यक्षात ते होते न संपणारे मातीकाम. दिवसा खंदक झोपलेला असे. डोके वर काढले की समोरचा नेमबाज टिपे. अंधार पडला की सगळे जागे होत. ढासळलेल्या भिंती सावरायच्या, वाळूची पोती भरायची, तुटलेल्या तारा जोडायच्या, साचलेले पाणी उपसायचे, नवी तळघरे खणून त्यांची माती अशी विखरायची की शत्रूच्या विमानाला कळू नये. लाकडी फळ्या, मेखा, तारांची भेंडोळी, सूपाची भांडी, सगळे माणसांच्या पाठीवरून यायचे.

लेफ्टनंटचे काम या सगळ्यावर नजर ठेवण्याचे. रात्रीच्या पाळीत तो आपल्या हद्दीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारी. प्रत्येक पहारेकऱ्यापाशी थांबायचे, परवलीचा शब्द ऐकायचा, दोन वाक्ये बोलायची. शेतकरी, खाणकामगार, दोन-तीन लेकरांचे बाप, आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी माणसे. हा पहारेकरी डुलकी घेतो का, त्याच्या बुटांत पाणी शिरले आहे का, याला रजा कधी मिळाली होती, हे ठाऊक असायला हवे. झोपलेला पहारेकरी सापडला तर शिक्षा कडक. पण शिक्षा देणाऱ्याला स्वतःच्याही पापण्या उघड्या ठेवायच्या असत. आणि या संथ दिनक्रमातही माणसे मरत होती. कुणी डोकावून पाहिले म्हणून, कुणी सूप आणायला निघाला म्हणून, कुणी नेमका त्या वळणावर उभा होता म्हणून. ‘आज आघाडीवर शांतता’ असे सरकारी पत्रक निघे त्या दिवशीही युंगरच्या वहीत एक-दोन नावे असत.

याच दूशीच्या परिसरात तो भुंगेरे गोळा करत होता, हे वाचून मी थक्क झालो होतो. १९१६ च्या पूर्वार्धात त्याने त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवली होती. कुठला भुंगेरा कुठे, कोणत्या दिवशी सापडला, त्याच्या लॅटिन नावासह नोंद. खंदकाच्या उकरलेल्या कडेला उगवलेले गवत, फुले, त्यांवर येणारे कीटक यांत त्याचे मन रमे. आणि हीच सवय युद्धाच्या नोंदीतही उतरली. मोंशीसमोर विषारी वायूचा हल्ला झाला, त्या वेळी माणसांचे हाल लिहून तो थांबला नाही. झाडपाला कोमेजून गेला, गोगलगायी आणि चिचुंद्रीसारखे बिळात राहणारे प्राणी मरून पडले, निरोप्यांच्या घोड्यांच्या डोळ्यांतून आणि तोंडातून पाणी गळत होते, गोळ्यांच्या कपच्यांवर हिरवट थर चढला होता, हे सगळे त्याने टिपले. क्लोरीन काय करतो हे समजून घ्यायला ही नोंद एखाद्या प्रयोगवहीइतकी उपयोगी आहे.

त्याआधीच्या डिसेंबरात एक विलक्षण घटना घडली. सततच्या पावसाने दोन्हीकडचे खंदक चिखलाने भरून वाहू लागले. राहणे अशक्य झाले, तेव्हा एका सकाळी दोन्ही बाजूंची माणसे सरळ वर येऊन उभी राहिली. एरवी जिथे हात वर काढणे म्हणजे मरण, तिथे मधल्या पट्टीत येजा सुरू झाली, वस्तूंची देवाणघेवाण झाली. मग कुठून तरी एक गोळी आली आणि एक जर्मन सैनिक मेला. सगळे पुन्हा आत. युंगरने समोरच्या अधिकाऱ्याशी बोलायची इच्छा कळवली, इंग्रज अधिकारी तारांपाशी आला. दोघे सभ्यपणे, काहीशा आदरानेही बोलले. पण माणसे पुन्हा अशी मिसळू देणे कुणालाच परवडणारे नव्हते. शेवटी त्यांनी ठरवले की बोलणे संपल्यावर तीन मिनिटांनी युद्ध पुन्हा सुरू होईल. युंगरने ते रीतसर जाहीर केले आणि तसेच झाले. या प्रसंगात मला त्या विशीतल्या मुलाचा पोरकट अभिमान दिसतो आणि शत्रूविषयी द्वेष मुळीच दिसत नाही. शत्रूचा द्वेष न करता त्याला मारायचे, ही त्याची भूमिका पुढेही कायम राहिली. काहींना ती उदात्त वाटते. मला ती भयंकर वाटते, पण ती प्रामाणिक होती हे मान्य करावे लागते.

१ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या काठी इंग्रजांनी हल्ला चढवला. त्या एका दिवसात त्यांची ५७,४७० माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्यांतली १९,२४० मेली. लढाई मात्र थांबली नाही, महिनोन्महिने चालली. ऑगस्टच्या अखेरीस युंगरची रेजिमेंट गिलमोंला पाठवण्यात आली. वाटेत त्यांना वाट दाखवायला एक सैनिक आला. त्याच्या डोक्यावर पोलादी शिरस्त्राण होते. तोवर जर्मन सैनिक टोकदार शिखराची कातडी टोपी घालत. पोलादी शिरस्त्राण त्याच वर्षी आले होते. त्या सैनिकाचा आवाज सपाट, चेहरा निर्विकार. युंगरला वाटले, आपण एका नव्या, अधिक कठोर जगाच्या उंबरठ्यावर आलो आहोत.

गिलमों नावाचे गाव तिथे उरलेच नव्हते. घरांच्या जागी पांढुरका चुना आणि खड्डे. युंगरच्या प्लाटूनला मिळालेली जागा म्हणजे दोन दरडींमधला खोलगट रस्ता. आडोशासाठी खणायला घेतले की मातीखाली प्रेते लागत. आधीच्या पलटणींची, एकावर एक. एक पलटण येई, तग धरी, संपे, आणि तिच्या जागी दुसरी येई. उन्हाळ्याचे दिवस, सतत तोफा, पाणी नाही, जखमींना मागे नेता येत नाही. माणसाच्या शौर्याला तिथे करण्यासारखे काही नव्हते. फक्त बसून राहायचे होते. युंगर तिथे मेला नाही तो निव्वळ योगायोगाने. मागच्या कोंब्ल गावात असताना श्रॅपनेलची गोळी पायात घुसून तो जखमी झाला आणि इस्पितळात गेला. त्याची प्लाटून त्याच्याविना पुढे गेली. ३ सप्टेंबरला इंग्रजांनी गिलमों घेतले. त्या प्लाटूनमधली अगदी थोडी माणसे वाचली, बाकीच्यांचे नेमके काय झाले हे सांगायलाही कुणी उरले नाही. ज्यांच्या बुटांतल्या पाण्याची त्याने रात्री चौकशी केली होती, तीच ही माणसे.

जून १९१७ मध्ये युंगरची गाठ हिंदुस्थानी सैनिकांशी पडली. जर्मन सैन्य तोवर मागे हटून सिग्फ्रीड रेषा या नव्या बचावफळीत बसले होते. रेषेच्या पुढे एका झाडीत सुमारे वीस माणसांची चौकी घेऊन तो होता. रात्री शत्रूची टोळी अंधारातून चालून आली, हातबॉम्ब आणि रायफलींची झटापट झाली आणि हल्लेखोर मागे हटले. जखमींपाशी जाऊन पाहिले तर गव्हाळ चेहरे. तुम्ही कुठले, असे फ्रेंचमध्ये विचारल्यावर त्यांतल्या एकाने मोडक्या फ्रेंचमध्ये आपण गरीब राजपूत असल्याचे सांगितले. युंगरने त्यांच्या पलटणीचे नाव हरियाणा लान्सर्स असे नोंदवले आहे. हजारो मैलांवरून येऊन ही माणसे एका जर्मन रेजिमेंटवर या मातीत डोके आपटत आहेत, याचे त्याला नवल वाटले. ते कुणाच्या युद्धासाठी आले, त्यांना कुणी आणले, हा प्रश्न मात्र त्याने पुढे नेला नाही.

आपण तो नेला पाहिजे. हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे गेले, पण घोडदळ १९१८ च्या वसंतापर्यंत तिथेच होते, आणि घोड्यांना काम नसल्याने स्वारांना पायउतार होऊन खंदक राखावे लागत. युंगर फ्रान्सला पोचण्याच्या दोन महिने आधी, २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, न्यूव्ह शापेल गावावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्या तुटून पडल्या होत्या. मराठा, शीख, मुसलमान अशा मिश्र भरतीच्या या कंपन्यांचे काम पूल बांधणे, सुरुंग लावणे, खणणे. त्या दिवशी त्यांना संगीन लावून घराघरांतून लढावे लागले. गावात शिरले, पण मदत न आल्याने मागे यावे लागले. सॅपर्सचे सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. आणि पुण्याची सहावी डिव्हिजन, जिच्यात मराठा पलटणी होत्या, ती मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात १४७ दिवस खंदकांत उपासमारीने झिजत होती. या माणसांपैकी कुणी खिशात वही ठेवली असती तर? बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची पत्रे दुसऱ्याने लिहिली, तिसऱ्याने सेन्सॉर केली. युंगरच्या वह्या वाचताना ही पोकळी मला सतत जाणवते.

जुलै १९१७ च्या अखेरीस रेजिमेंट फ्लँडर्समध्ये लांगेमार्कजवळ होती. धाकटा भाऊ फ्रीड्रिश गेऑर्ग त्याच रेजिमेंटमध्ये होता. तो जखमी झाल्याचे कळताच युंगर शोधत निघाला. कण्हणाऱ्या जखमींनी भरलेल्या खोलीत भाऊ सापडला. खांद्यातून आणि फुफ्फुसातून श्रॅपनेल गेलेले. तो भाग शत्रूच्या हातात जाण्याच्या बेतात होता. युंगरने आपली चार माणसे देऊन त्याला चादरीत घालून मागे पाठवले आणि स्वतः पुन्हा पुढे गेला. भाऊ वाचला, पुढे कवी म्हणून नावारूपाला आला. युंगरच्या अलिप्त गद्यात एकदम माणूस दिसतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

दुसरी जागा मार्च १९१८ ची. जर्मनीचा शेवटचा मोठा हल्ला २१ मार्चला व्हायचा होता. १९ च्या रात्री युंगर आपली कंपनी घेऊन पुढे चालला होता. वाट दाखवणाऱ्याची वाट चुकली, म्हणून माणसांना एका मोठ्या खड्ड्यात थांबायला सांगितले. त्याच खड्ड्यात तोफगोळा येऊन पडला. जवळपास निम्मी कंपनी एका क्षणात मेली किंवा जखमी झाली. जवळच्या मशीनगनच्या काडतुसांनी पेट घेतला आणि त्या उजेडात प्रेतांचा ढीग, जळणारी, रांगणारी माणसे दिसू लागली. युंगर पळाला. तीन वर्षे मृत्यूशी खेळलेला हा अधिकारी जीव घेऊन अंधारात धावत सुटला. थोड्या वेळाने भानावर येऊन तो परतला, उरलेल्यांना गोळा केले. पण नंतर त्यांच्यासमोरच जमिनीवर पडून हुंदके देऊन रडला. पहाडासारखा पराक्रम सांगणाऱ्या आठवणींची पुस्तके पुष्कळ आहेत. आपण पळालो आणि रडलो, हे छापून सांगणारा पदकविजेता अधिकारी विरळा. माझा त्याच्यावर विश्वास बसतो तो या पानांमुळे.

२१ मार्चच्या पहाटे जर्मन तोफांनी पाच तास आग ओकली आणि मग पायदळ सुटले. युंगरवर त्या दिवशी रक्त चढले होते, हे त्याने लपवलेले नाही. धावता धावता त्याच्यापुढे एक जखमी इंग्रज आला. युंगरने पिस्तूल त्याच्या डोक्याला लावले. त्या माणसाने खिशात हात घातला आणि एक छायाचित्र पुढे केले. त्यात तो होता आणि त्याच्याभोवती त्याचे कुटुंब. युंगरने पिस्तूल खाली घेतले. त्याच हल्ल्यात त्याने एका दुसऱ्या इंग्रज सैनिकाला गोळी घातली होती. नंतर त्याच्यापाशी जाऊन पाहिले तर तो पोरगाच होता. युंगर त्याच्याकडे बघत राहिला, आणि पुढेही त्याची आठवण येत राहिली असे त्याने लिहिले आहे. मारण्याची जबाबदारी राज्य आपल्यावरून काढून घेईल, दुःख मात्र काढून घेऊ शकत नाही, असा विचार त्याने तिथे मांडला आहे. भुंगेरा टाचणीने टोचून नाव लिहिणारी नजर इथे अडखळते.

२५ ऑगस्ट १९१८ रोजी बापोमजवळ फाव्रेलपाशी गोळी त्याच्या छातीत शिरली आणि फुफ्फुस भेदून गेली. कोसळताना, आता संपलो, अशी एक विलक्षण शांत जाणीव झाली असे तो सांगतो. भोवती इंग्रज, बरोबरचे लोक शरण जात आहेत. तो उठला, झगडत वाट काढली. एका सैनिकाने त्याला पाठीवर घेतले. काही पावलांतच तो सैनिक गोळी लागून मेला. दुसऱ्याने लगेच उचलले आणि सुरक्षित जागी नेले. त्या दिवसांत त्याच्या नकाशाच्या पिशवीत ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’ ही इंग्रजी कादंबरी होती. मधेच राहिलेले वाचन त्याने इस्पितळात पुढे चालू ठेवले. २२ सप्टेंबरला तार आली: कैसरने त्याला ‘पूर ल मेरीत’ हे सर्वोच्च पदक दिले होते. संपूर्ण युद्धात ते ६८७ जणांना मिळाले, बहुतेक सेनापतींना आणि वैमानिकांना. कंपनी चालवणाऱ्या पायदळाच्या लेफ्टनंटला ते मिळणे फार दुर्मीळ. सैन्यासाठीचे ते पदक मिळवलेला सर्वांत शेवटी हयात असलेला माणूसही युंगरच.

१९२० मध्ये त्याने वह्यांवरून ‘इन श्टाल्गेविटर्न’ हे पुस्तक लिहून स्वखर्चाने छापले. ते जगभर गेले. पुढे दशकानुदशके तो त्यात फेरफार करत राहिला. कधी राष्ट्राभिमानाचा सूर चढवला, कधी उतरवला. १९२० च्या दशकात तो स्वतः जहाल राष्ट्रवादी नियतकालिकांत लिहीत होता, युद्धानंतरच्या वायमार लोकशाहीवर तुटून पडत होता. ज्या हवेत नाझी वाढले ती तापवण्यात त्याच्या लेखणीचा वाटा आहे, हे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. नाझींनी देऊ केलेली राइश्टाग या संसदेतली जागा आणि अकादमीचे सदस्यत्व त्याने नाकारले, हेही तितकेच खरे. १९२३ मध्ये सैन्य सोडून तो प्राणिशास्त्र शिकायला लाइपझिगला आणि तिथून नेपल्सला गेला. भुंगेऱ्यांचा नाद अखेरपर्यंत सुटला नाही.

त्याचा थोरला मुलगा, त्याचेही नाव अर्न्स्टच, शाळेत हिटलरविरुद्ध बोलल्याबद्दल पकडला गेला आणि मग आघाडीवर धाडला गेला. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी इटलीत कारारा गावच्या संगमरवरी डोंगरांजवळ तो मारला गेला. वय १८. बाप त्या वयात अल्जीरियाला पळून गेला होता आणि त्याच्या बापाने त्याला परत आणले होते.

युंगरच्या मूळ वह्या आज मारबाखच्या जर्मन साहित्य अभिलेखागारात आहेत. २०१० मध्ये हेल्मुट कीझेल यांच्या संपादनाने त्या जशाच्या तशा छापल्या गेल्या, आणि पुस्तक व वही शेजारी ठेवून वाचणे शक्य झाले. वहीतली भाषा रांगडी आहे, वाक्ये तुटक आहेत. मद्यपान आहे, चिडचिड आहे, बढतीची आणि पदकांची हाव आहे. पुस्तकातला लेफ्टनंट कधी थकत नाही. वहीतला बावीस वर्षांचा लेफ्टनंट मे १९१७ मध्ये शिवी हासडून विचारतो, हे युद्ध एकदाचे संपणार तरी कधी. पुस्तकासाठी मजकूर निवडताना हा प्रश्न त्याने वहीतच ठेवला.